बरोबरीचा निवाडा

दोन संघांनी सारखेच सामने खेळावेत, सारखेच गुण मिळवावेत आणि पुढच्या फेरीत जागा मात्र एकच शिल्लक असावी, हा प्रसंग क्रीडास्पर्धांच्या इतिहासात वारंवार आलेला आहे. मैदानावरील खेळाने जो निर्णय द्यायचा तो दिलेला नसतो आणि कोणाला तरी घरी पाठवणे अपरिहार्य असते. अशा वेळी खेळाच्या जागी नियम उभा राहतो. हा नियम सामन्यापूर्वी, कोणत्या तरी कार्यालयात, पुढे काय घडणार आहे याची कल्पना नसलेल्या माणसांनी लिहिलेला असतो. त्याच्या एका वाक्यावर एखाद्या राष्ट्राचा जल्लोष किंवा शोक अवलंबून राहतो. विश्वचषक फुटबॉलच्या आणि खंडीय स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर खेळाइतकाच तो माणसाच्या न्यायकल्पनेचाही इतिहास आहे असे दिसते.

स्थूलमानाने पाहता बरोबरी सोडवण्याचे चार मार्ग फुटबॉलने अवलंबिले. पहिला दैवाचा : चिठ्ठी टाकणे किंवा नाणे उडवणे. दुसरा पुनःपरीक्षेचा : त्रयस्थ भूमीवर आणखी एक सामना खेळवणे. तिसरा अंकगणिताचा : केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांचा हिशेब मांडणे. चौथा परस्पर लढतींचा : इतर संघ बाजूला ठेवून, बरोबरीत असलेल्यांनी एकमेकांविरुद्ध काय केले एवढेच पाहणे. हे मार्ग एकामागून एक आले आणि आधीचा संपून पुढचा सुरू झाला, असे मात्र घडले नाही. ते एकमेकांत मिसळले, त्यांचा क्रम बदलत राहिला आणि या क्रमबदलातूनच बहुतेक वाद जन्मले.

१

१९५४ च्या विश्वचषकासाठी स्पेन आणि तुर्कस्तान यांची गाठ पडली. माद्रिदमध्ये स्पेनने ४-१ असा विजय मिळवला, इस्तंबूलमध्ये तुर्कस्तानने १-० असा. दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र केले तर स्पेन ४-२ असा स्पष्टपणे पुढे होता. परंतु त्या काळच्या नियमाला गोलांची संख्या दिसत नव्हती. त्याला दिसत होता केवळ एक विजय आणि एक पराजय. म्हणून १७ मार्च १९५४ रोजी रोममध्ये तिसरा सामना झाला. जादा वेळ खेळूनही तो २-२ असा सुटला. शेवटी एका इटालियन मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याकडून चिठ्ठी काढवण्यात आली आणि तिच्यावर तुर्कस्तानचे नाव निघाले. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. रोममधला तो प्रसंग त्याच जातीचा होता. फरक इतकाच की कौल लावणाऱ्याची देवावर श्रद्धा असते, तर येथे श्रद्धा ठेवायची होती ती नियमावलीवर.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. स्पर्धेतील मानांकित संघ पात्रता फेरी संपण्यापूर्वीच ठरवले गेले होते आणि स्पेन त्यात गृहीत धरला होता. स्पेन बाद होताच त्याचे मानांकन तुर्कस्तानकडे आले. प्रत्यक्ष स्पर्धेत तुर्कस्तान पश्चिम जर्मनीकडून १-४ असा हरला आणि दक्षिण कोरियावर त्याने ७-० असा विजय मिळवला. पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानला हरवले, पण हंगेरीकडून ३-८ असा सडकून मार खाल्ला. दोघांचेही गुण दोन झाले. गोल मोजले असते तर तुर्कस्तान चारने अधिक आणि पश्चिम जर्मनी दोनने उणा, असा हिशेब निघाला असता. पण ते मोजायचे नव्हते. पुन्हा सामना झाला, त्यात जर्मनांनी ७-२ अशी सरशी केली आणि पुढे तेच विश्वविजेते झाले. ज्या नियमाच्या आंधळेपणामुळे तुर्कस्तान स्वित्झर्लंडला पोहोचला, त्याच आंधळेपणाने तीन महिन्यांत त्याला परत पाठवले.

दैवाचा मार्ग त्यानंतरही बराच काळ चालू राहिला. १९६२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत मोरोक्को आणि ट्युनिसिया यांनी एकमेकांना प्रत्येकी एकदा २-१ असे हरवले. पालेर्मो येथील तिसरा सामना १-१ असा सुटला आणि दैवाचा कौल मोरोक्कोच्या बाजूने पडला. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत तर नेपल्सच्या उपांत्य सामन्यात इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील अंतिम फेरीची जागा नाणेफेकीवर ठरली. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर इस्रायल चिठ्ठीने बाद झाला. या अनुभवानंतर इस्रायली फुटबॉल संघटनेतील योसेफ डागान यांनी पेनल्टी किकच्या मालिकेचा पर्याय मांडला आणि १९७० साली खेळाच्या नियममंडळाने ही पद्धत स्वीकारली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ती प्रथम वापरली गेली जानेवारी १९७७ मध्ये आणि समोरासमोर होते तेच दोन संघ : मोरोक्को आणि ट्युनिसिया. या वेळी ट्युनिसिया ४-२ असा जिंकला. पुढे १९७८ साली अर्जेंटिनात त्यांनी मेक्सिकोचा ३-१ असा पराभव केला. विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेतील आफ्रिकी संघाचा तो पहिला विजय होता. पेनल्टी मालिकेला अनेकजण लॉटरी म्हणतात. पण ज्या संघाने पूर्वी खरीच लॉटरी अनुभवली होती, त्याला या दोहोंतला भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. पेनल्टी हुकते ती निदान खेळाडूच्या पायाने.

२

तिसऱ्या सामन्याच्या पद्धतीने सर्वांत मोठी किंमत घेतली ती मध्य अमेरिकेत. जून १९६९ मध्ये होंडुरास आणि एल साल्व्हादोर हे शेजारी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भिडले. ८ जून रोजी तेगुसिगाल्पा येथे होंडुरासने १-० असा विजय मिळवला. १५ जून रोजी सान साल्व्हादोर येथे एल साल्व्हादोरने ३-० असा. दोन्ही ठिकाणी पाहुण्या संघाला रात्रभर झोपू न देणे, दगडफेक, मारहाण असे प्रकार घडले. गोलांची बेरीज ग्राह्य असती तर ३-१ या हिशेबाने प्रकरण तेथेच संपले असते. परंतु नियमाच्या दृष्टीने दोन्ही देश समसमान होते. म्हणून महिनाअखेरीस मेक्सिको सिटीत तिसरा सामना ठेवावा लागला. जादा वेळेत एल साल्व्हादोर ३-२ असा जिंकला. त्याच सुमारास दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले आणि १४ जुलै रोजी साल्व्हादोरच्या सैन्याने आक्रमण केले. चार-पाच दिवसांत युद्धविराम झाला तरी मृतांची संख्या हजारोंच्या घरात गेली.

या युद्धाला ‘फुटबॉल युद्ध’ हे नाव चिकटले आणि पोलिश वार्ताहर रिशार्ड कापुश्चिन्स्की यांच्या पुस्तकाने ते जगभर पोहोचवले. तथापि युद्धाचे मूळ फुटबॉलमध्ये नव्हते. जमिनीच्या शोधात सुमारे ३,००,००० साल्व्हादोरी शेतकरी कित्येक वर्षांपासून होंडुरासमध्ये स्थायिक झाले होते. होंडुरासच्या जमीन सुधारणेच्या धोरणाने त्यांना बेदखल करून हाकलण्यास सुरुवात केली होती. सीमारेषेचा वादही जुनाच होता. त्या वादाचा न्यायालयीन निकाल लागायला १९९२ साल उजाडावे लागले. नियमाने युद्ध घडवले असे म्हणणे म्हणून अतिशयोक्तीचे होईल. पण पेटत्या परिस्थितीत तिसऱ्यांदा आमनेसामने येण्याची सक्ती नियमानेच केली, एवढे नक्की. पुढे एल साल्व्हादोर आणि हैती यांच्यातही हेच घडले. पहिला सामना साल्व्हादोरने २-१ असा, तर दुसरा हैतीने ३-० असा जिंकला. गोलांची बेरीज हैतीच्या बाजूने ४-२ होती. तिसऱ्या सामन्यात मात्र १-० ने साल्व्हादोर जिंकला आणि मेक्सिकोला गेला. तेथे तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता तो परतला.

३

अंकगणिताकडे वळणे हा या अनुभवांचा स्वाभाविक परिणाम होता. पण अंकगणितही निरागस नसते. आरंभी गोलांची सरासरी पाहत, म्हणजे केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागत. इंग्लंडच्या लीगमध्ये ही पद्धत १९७६ पर्यंत टिकली. या भागाकारात बचावाला अवाजवी वजन मिळते : दोन गोल करून एक स्वीकारणारा संघ आणि वीस गोल करून दहा स्वीकारणारा संघ तेथे समान ठरतात. एकही गोल न स्वीकारणाऱ्या संघाच्या बाबतीत तर शून्याने भागण्याची वेळ येते. गोलफरकात वजाबाकी असल्याने ही अडचण राहत नाही आणि आक्रमक खेळाला उत्तेजन मिळते. तरीही हिशेब कोठे थांबवायचा हा प्रश्न उरतोच. १९७४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्वीडनचे गोल १५-८ आणि ऑस्ट्रियाचे १४-७ असे होते. गुण सारखे, फरक दोघांचाही सात. अधिक गोल स्वीडनने केले होते, पण ‘अधिक गोल’ हा निकष त्या वेळी निर्णायक नव्हता. नोव्हेंबर १९७३ मध्ये जर्मनीतील गेल्झेनकिर्खेन येथे बर्फाळलेल्या मैदानावर पुन्हा सामना झाला आणि स्वीडन २-१ असा जिंकून पात्र ठरला.

अंकगणिताचा नियम स्वतःच्याच हेतूवर कसा उलटू शकतो याचे अजोड उदाहरण जानेवारी १९९४ मध्ये कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत घडले. प्रत्येक सामन्याचा निकाल लागलाच पाहिजे, बरोबरी झाल्यास जादा वेळेत पहिला गोल करणारा विजयी आणि तो गोल दोन गोलांच्या बरोबरीचा, असा तेथे नियम होता. गटात बार्बाडोस, ग्रेनाडा आणि पोर्तो रिको हे तीन संघ. पोर्तो रिकोने बार्बाडोसला १-० असे हरवले. ग्रेनाडाने पोर्तो रिकोला जादा वेळेत हरवले आणि दुप्पट मोजणीमुळे तो विजय २-० असा नोंदला गेला. शेवटच्या सामन्यात पुढे जाण्यासाठी बार्बाडोसला ग्रेनाडावर दोन गोलांनी विजय आवश्यक होता. ते २-० असे पुढे होते. ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडाने गोल केला : २-१. आता बार्बाडोसच्या लक्षात आले की उरलेल्या मिनिटांत ग्रेनाडाच्या बचावाला भेदणे कठीण आहे, परंतु बरोबरी झाली तर जादा वेळ मिळेल आणि तेथील एक गोल दोन म्हणून मोजला जाईल. ८७ व्या मिनिटाला त्यांनी जाणूनबुजून चेंडू आपल्याच जाळ्यात मारला.

त्यानंतरची काही मिनिटे फुटबॉलच्या इतिहासात एकमेव असावीत. ग्रेनाडाला एका गोलाने जिंकणे पुरेसे होते आणि एका गोलाने हरणेही पुरेसे होते. त्यामुळे ते दोन्हीपैकी कोणत्याही गोलजाळ्यात चेंडू घालण्याचा प्रयत्न करू लागले आणि बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही टोकांना पहारा देऊ लागले. म्हणजे एक संघ प्रतिस्पर्ध्याच्या गोलचे रक्षण करीत होता आणि दुसरा स्वतःच्या गोलवर हल्ला. वेळ २-२ वर संपली, जादा वेळेत बार्बाडोसने गोल केला, नोंद ४-२ अशी झाली आणि ग्रेनाडा बाद झाला. ग्रेनाडाचे प्रशिक्षक जेम्स क्लार्कसन यांनी या नियमावर कठोर टीका केली. पण बार्बाडोसवर कारवाई करण्याजोगे काही नव्हते, कारण कोणताही नियम मोडला गेला नव्हता. खेळाडूंनी नियम त्याच्या कर्त्यांपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचला होता, इतकेच.

४

नियम न वाचण्याचे उदाहरण १७ वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत पाहावयास मिळाले. २०१२ च्या आफ्रिकी राष्ट्रचषकाच्या पात्रता गटात नायजर, दक्षिण आफ्रिका, सिएरा लिओन आणि १९९८ नंतर २००६, २००८, २०१० अशी ओळीने तीनदा विजेता ठरलेला इजिप्त हे संघ होते. ८ ऑक्टोबर २०११ रोजी नेल्स्प्रुट येथे दक्षिण आफ्रिका सिएरा लिओनशी खेळत होती. तिकडे इजिप्तने नायजरला ३-० असे हरवल्याची वार्ता आली. आपण बरोबरीनेही गोलफरकाच्या जोरावर पुढे जाऊ, या समजुतीने दक्षिण आफ्रिकेने उरलेला वेळ निभावून नेला. सामना ०-० असा सुटताच खेळाडू नाचू लागले आणि त्यांनी मैदानाला विजयफेरी घातली. काही वेळातच कळले की पात्र ठरला आहे तो नायजर.

आकडे पाहिले की गोंधळाचे स्वरूप समजते. नायजर, दक्षिण आफ्रिका आणि सिएरा लिओन या तिघांचेही नऊ गुण झाले होते. एकूण गोलफरक पाहता दक्षिण आफ्रिका अधिक दोन, सिएरा लिओन शून्य आणि नायजर उणे दोन. म्हणजे या क्रमाने नायजर शेवटी. परंतु आफ्रिकी महासंघाचा पहिला निकष गोलफरक नव्हता. बरोबरीतील संघांच्या परस्पर सामन्यांतील गुण हा होता. इजिप्तचे सामने वगळले की नायजरचे सहा, दक्षिण आफ्रिकेचे पाच आणि सिएरा लिओनचे पाच गुण उरतात. दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेने प्रथम दाद मागितली आणि नंतर ती मागे घेतली. नियम लेखी होता, स्पष्ट होता आणि सर्वांना उपलब्ध होता. पण त्याच खंडात, त्याच खेळाडूंसाठी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत गोलफरक आधी पाहिला जात असे. एका स्पर्धेतील सवय दुसऱ्या स्पर्धेत सत्य वाटली. संदिग्धता एका नियमाच्या शब्दांत नसून दोन नियमांच्या शेजारात होती.

आपल्या शास्त्रपरंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. पूर्वमीमांसेत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे मानली असून, त्यांच्यात विरोध आल्यास आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान ठरते. पाणिनीच्या व्याकरणात, परंपरेने लावलेल्या अर्थानुसार, तुल्यबळ सूत्रांचा संघर्ष झाल्यास नंतरचे सूत्र प्रभावी होते. एका शास्त्रात पूर्वीचे श्रेष्ठ, दुसऱ्यात नंतरचे. आणि तरीही दोन्ही शास्त्रे सुव्यवस्थित आहेत, कारण आपला क्रम कोणता हे दोघांनीही सांगून ठेवले आहे. क्रम कोणता असावा यावर मतभेद संभवतात. तो सांगितलाच पाहिजे यावर नाही.

परस्पर लढतींच्या नियमात खरी संदिग्धता शिरते ती तीन संघ बरोबरीत असताना. समजा क, ख आणि ग यांची छोटी गुणतालिका मांडली. क वेगळा निघाला, पण ख आणि ग अजून समान आहेत. आता काय करायचे? एक अर्थ असा की तिघांच्या त्याच तालिकेतील पुढचा निकष, म्हणजे गोलफरक, लावायचा. दुसरा असा की क ला बाजूला ठेवून, फक्त ख आणि ग यांच्या सामन्यांकडे नव्याने पाहायचे. नेल्स्प्रुटच्या गटात दुसऱ्या स्थानासाठी नेमकी हीच स्थिती होती. तिघांच्या तालिकेत दक्षिण आफ्रिकेचा गोलफरक अधिक एक आणि सिएरा लिओनचा उणे एक होता. केवळ दोघांचे सामने पाहिले तर दोन्ही ०-० असे सुटलेले, म्हणजे पुन्हा बरोबरी आणि मग एकूण गोलफरकाकडे जाणे. दोन्ही वाटांनी दक्षिण आफ्रिकाच दुसरी येते, ही योगायोगाची गोष्ट. दुसऱ्या एखाद्या गटात त्या दोन वाटा दोन वेगळ्या देशांकडे जाऊ शकतात. युरोपीय महासंघाच्या नियमावलीत, निकष केवळ उरलेल्या संघांना पुन्हा लावावेत असे वाक्य आवर्जून घातले गेले, ते या धोक्याच्या जाणिवेतून.

५

सर्व निकष संपल्यावरही बरोबरी उरली तर काय होते, हे २००९ साली इजिप्त आणि अल्जीरिया यांनी दाखवले. विश्वचषकाच्या पात्रता गटात जूनमध्ये अल्जीरियाने इजिप्तला ३-१ असे हरवले होते. १४ नोव्हेंबर रोजी कैरोत परतीचा सामना झाला. त्यापूर्वीच अल्जीरियाच्या बसवर दगडफेक होऊन खेळाडू जखमी झाले होते. एका गोलाचा विजय अल्जीरियाला पुढे नेणार होता, तीन गोलांचा इजिप्तला. भरपाईच्या वेळेत इजिप्तने दुसरा गोल केला आणि सामना २-० असा संपला. दोघांचे गुण १३, दोघांचे गोल ९-४, परस्पर सामन्यांची बेरीज ३-३. परक्या मैदानावरील गोलाला अधिक मोल देणारा नियम येथे लावला असता तर इजिप्त पात्र ठरला असता, कारण अल्जीरियात त्याने एक गोल केला होता आणि अल्जीरियाने कैरोत एकही नाही. पण या गटासाठी ती कसोटी नव्हती. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या रोमप्रमाणे त्रयस्थ भूमी शोधावी लागली. इजिप्तने सुदान सुचवला, अल्जीरियाने ट्युनिसिया, आणि त्यांतून निवड झाली ती सोडतीने. १८ नोव्हेंबर रोजी ओमदुर्मान येथे अल्जीरिया १-० असा जिंकला. दुसऱ्याच दिवशी इजिप्तने अल्जीरियातील आपला राजदूत सल्लामसलतीसाठी परत बोलावला.

दैव, पुनर्लढत आणि अंकगणित ही तिन्ही या एका आठवड्यात एकत्र आली. त्यामुळे इतिहास चिठ्ठीपासून शास्त्राकडे सरळ रेषेत गेला, असे म्हणता येत नाही. आजही बहुतेक नियमावल्यांच्या शेवटच्या ओळीत सोडत कायम आहे. मधल्या पायऱ्या वाढल्या आहेत, तिथपर्यंत पोहोचण्याची शक्यता घटली आहे, इतकेच. भारतीय वाचकाला याचे स्मरण क्रिकेटने १४ जुलै २०१९ रोजी करून दिले. त्या दिवशी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यातील अंतिम सामना सुपर ओव्हरनंतरही समान राहिला आणि विश्वचषक चौकार-षटकारांच्या मोजणीवर दिला गेला. नियम आधीपासून लिहिलेला होता. तो योग्य आहे का, हा प्रश्न बहुतेकांना सामना संपल्यावरच पडला आणि त्यानंतर काही महिन्यांतच तो बदलण्यात आला.

या सर्व प्रसंगांतून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. नियम अन्याय्य असणे ही एक गोष्ट, संदिग्ध असणे ही दुसरी. रोममधील चिठ्ठी अन्याय्य वाटते, पण संदिग्ध नव्हती. ती निघताच सर्वांना निकाल कळला. बार्बाडोसचा नियमही शब्दशः स्पष्ट होता. त्याच्या परिणामांचा विचार कोणी केला नव्हता. नेल्स्प्रुटला नियम स्पष्ट असूनही समजूत चुकीची होती. तिघांच्या तालिकेचा पेच मात्र शब्दांतच असतो आणि तो सर्वांत धोकादायक, कारण त्याचा अर्थ सामना संपल्यानंतर, निकालात हितसंबंध असलेल्या माणसांना लावावा लागतो. अन्याय्य नियमाखाली हरलेला संघ नियमाला दोष देतो. संदिग्ध नियमाखाली हरलेला संघ अर्थ लावणाऱ्याच्या हेतूवर संशय घेतो आणि तो संशय पुढच्या सामन्याने पुसला जात नाही.

बरोबरी ही वस्तुतः खेळाने दिलेली एक प्रामाणिक साक्ष असते : या दोघांत आम्हाला फरक सापडला नाही, अशी. स्पर्धेच्या व्यवहाराला ती साक्ष परवडत नाही, म्हणून आपण निकष शोधतो, कधी गोलांत, कधी परक्या मैदानात, कधी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाच्या हातात. यांपैकी कोणताही निकष दोघांत कोण श्रेष्ठ हे सिद्ध करीत नाही. पुढे कोण जाणार एवढेच तो सांगतो. म्हणून त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच की पहिली शिटी वाजण्यापूर्वी तो दोन्ही संघांना सारखाच ठाऊक असावा आणि दोघांनी वाचला तर त्याचा अर्थ एकच निघावा.